टुरिंग गाडीचा मागचा शॉक: ऑर्डर देण्याआधी वजन का करायचं

‘डबलसीट आणि तीन बॉक्स लावले की गाडी मागून बसते. तुमच्याकडचा सगळ्यांत कडक शॉक पाठवा.’ आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकशा अशाच असतात आणि आमचं पहिलं उत्तरही ठरलेलं असतं: आधी वजन कळवा. काही जण यावर नाराज होतात. गाडीचं मॉडेल सांगितलं, पैसे द्यायची तयारी आहे, मग आणखी काय हवं, असं त्यांना वाटतं. आम्हाला वजन का लागतं, ते इथे सविस्तर सांगतो.

तक्रार तुमची खरीच असते. खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो, वळणावर सेंटर स्टँड घासतो, हेडलाइट वर गेल्यामुळे समोरचे डिपर मारत राहतात. हँडल हलकं लागतं आणि गाडी वळणात बाहेर जाते. मागची बाजू खाली गेली की पुढचा फोर्क मागे कलतो आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, त्यामुळे हे सगळं एकदमच सुरू होतं. बहुतेक गाड्यांची मूळ स्प्रिंग एकटा स्वार आणि थोडंफार सामान धरून निवडलेली असते. दोन माणसं आणि महिनाभराचं सामान तिच्या हिशेबात नसतं.

प्रीलोड फिरवून स्प्रिंग कडक होत नाही

स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात. १०० न्यूटनची स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला साधारण १० किलो भार लागतो, आणि पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला आणखी तेवढाच. प्रीलोडची कडी आवळली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि गाडी वर उचलली जाते. पण स्प्रिंग होती तेवढीच मऊ राहते. बसलेली गाडी उठलेली दिसली की काम झालं असं वाटतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मऊ स्प्रिंग शेवटपर्यंत आवळली असेल, तर सामान उतरवल्यावर शॉक पूर्ण ताणलेला राहतो. चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, म्हणून रस्त्यात खोलगट भाग आला की चाक हवेत राहतं. गाडी भरलेली असेल तर मोठ्या खड्ड्यात शॉक पुन्हा तळाला आपटतोच. काही शॉकमध्ये प्रीलोड फार आवळला तर स्ट्रोक (शॉक जेवढा दबू शकतो तेवढं अंतर) संपण्याआधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात, आणि तो धक्का थेट माउंटिंगवर आणि चासीवर जातो.

‘सगळ्यांत कडक’ स्प्रिंगचं दुखणं याच्या उलट. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग बसवली की एकटं फिरताना मागचं चाक रस्ता धरत नाही, टणाटण उडत राहतं. ओल्या रस्त्यावर हे धोक्याचं आहे आणि मागे बसणाऱ्याच्या कमरेचे हाल होतात ते वेगळेच. म्हणून आम्ही ‘कडक’ किंवा ‘नरम’ या नावाने शॉक विकत नाही. तुमच्या भाराला बसेल तीच स्प्रिंग देतो.

नेहमीची चूक: अंदाजाने सांगितलेलं वजन

तुमचा आणि आमचा सगळ्यांत जास्त वेळ याच चुकीपायी जातो. नेहमीचं उदाहरण घ्या. ग्राहक कळवतात, ‘माझं ७८, मिसेसचं ६२, थोडं सामान, म्हणजे १६० धरा.’ हे ७८ घरच्या कपड्यांत काट्यावर उभं राहून आलेले असतात. प्रवासाला निघताना अंगात आर्मरवालं जॅकेट आणि पँट, पायात बूट, डोक्यावर हेल्मेट आणि पाठीवर पाण्याची पिशवी असते. त्याचे ९ किलो सहज होतात. मागे बसणाऱ्याच्या अंगावरचे ७ धरा. रॅक आणि तीन रिकामे ॲल्युमिनियमचे बॉक्स मिळून १८. त्यात कपडे, रेनसूट, हत्यारं, पंक्चर किट, तंबू असं ३० किलो सामान. बेरीज करा: ८७, ६९, १८ आणि ३० मिळून २०४. कळवलेल्या आकड्यापेक्षा तब्बल ४४ किलो जास्त, आणि तेही बहुतेक सगळं मागच्या चाकाच्या आसपास.

टॉप बॉक्सचा हिशेब आणखी वेगळा. तो मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे लटकलेला असतो, त्यामुळे तरफेसारखं काम करतो. व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर) १४० सेंटिमीटर असेल आणि टॉप बॉक्समधले १० किलो ॲक्सलपासून ४० सेंटिमीटर मागे असतील, तर मागच्या चाकावर जवळपास १३ किलो भार येतो आणि पुढच्या चाकावरचा ३ किलोने कमी होतो. हत्यारं, चार्जर, सुटे पार्ट अशा जड वस्तू साइड बॉक्समध्ये, तळाशी आणि शक्य तितक्या पुढे ठेवा. टॉप बॉक्समध्ये जॅकेट आणि ग्लोव्ह्ज पुरेत. नुसतं एवढं केलं तरी हँडलमधला फरक लगेच कळतो, आणि त्यासाठी आमच्याकडून काहीच विकत घ्यावं लागत नाही.

वजन करायला मोठा काटा लागत नाही. घरच्या काट्यावर पूर्ण रायडिंग गिअर घालून, हेल्मेट हातात घेऊन उभे राहा. मागे बसणाऱ्यालाही तसंच उभं करा. मग भरलेला एकेक बॉक्स हातात घेऊन काट्यावर उभे राहा आणि आधीचा आकडा वजा करा. टँक बॅग आणि सीटवर बांधायची बॅगही यात धरा. रॅकचं वजन माहीत नसेल तर मॉडेल कळवा.

‘चुकली स्प्रिंग तर बदलून द्या, त्यात काय?’ असं काही जण म्हणतात. नुसती स्प्रिंग काढून घालायला फारसा वेळ लागत नाही. पण स्प्रिंग जितकी कडक, तितका परत येण्याचा तिचा जोर जास्त. तो जोर आवरण्यासाठी डॅम्परच्या (शॉकमधल्या तेलाच्या नळीच्या) पिस्टनवर शिमच्या पातळ चकत्यांचा संच असतो, आणि आम्ही तो त्या स्प्रिंगप्रमाणे लावलेला असतो. स्प्रिंगमध्ये मोठा फरक पडला तर शॉक उघडायचा, तेल काढायचं, चकत्या बदलायच्या, हवेचा बुडबुडा न ठेवता पुन्हा तेल भरायचं, नायट्रोजन भरायचा आणि चाचणी घ्यायची. तोवर तुमची निघायची तारीख उलटून जाते. वजनाचा तक्ता भरून आल्याशिवाय आम्ही शॉक बांधायला घेत नाही, ते यासाठीच.

मित्राच्या शॉकच्या स्प्रिंगवरचा नंबर बघून ‘हाच द्या’ असंही सांगू नका. चाक १५० मिलिमीटर हलतं तेव्हा एखाद्या गाडीत शॉक ६० मिलिमीटरच दबतो, म्हणजे चाकावरचा भार शॉकवर सरासरी अडीच पटीने येतो. दुसऱ्या गाडीत लिंकेज (चाक आणि शॉक जोडणारे दांडे) वेगळं, शॉकचा कोन वेगळा, म्हणून हे प्रमाणही वेगळं. त्याच्या गाडीला चपखल बसलेली स्प्रिंग तुमच्या गाडीत निरुपयोगी ठरू शकते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नवा शॉक लावल्याने गाडीची भार वाहण्याची परवानगी वाढत नाही. सबफ्रेम (सीट आणि बॉक्स पेलणारा मागचा सांगाडा), चाकं, टायर आणि ब्रेक तेच राहतात. गाडीच्या पुस्तकात कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं भरलेल्या पेट्रोल टाकीसकट वजन वजा केलं की उरतो तो तुमचा वाटा, आणि बऱ्याच टुरिंग गाड्यांत तो २०० किलोच्या आसपास असतो. टायरवरचा लोड इंडेक्सही बघा: ६९ म्हणजे ३२५ किलो, ७३ म्हणजे ३६५. तुमची बेरीज मर्यादेबाहेर गेली तर आम्ही ऑर्डर घेण्याआधी सामान कमी करायला सांगतो. त्यापायी ऑर्डर गेली तरी चालेल.

बसवल्यावर मोजून बघा

यासाठी तीन मापं लागतात. मागच्या ॲक्सलपासून बरोबर वर, शेपटीच्या भागावर चिकटपट्टीची खूण करा. गाडी सेंटर स्टँडवर घेऊन चाक अधांतरी असताना हे अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवून, रिकामी, स्वतःच्या वजनावर उभी असताना मोजा. शेवटी दोघं बसून, सगळं सामान लावून मोजा. यासाठी टेप धरणारा तिसरा माणूस लागतो. शॉकमध्ये आणि लिंकेजमध्ये थोडं घर्षण असतं, म्हणून दर वेळी मागची बाजू दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा, मग किंचित उचलून हळूच खाली बसू द्या आणि पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी घ्या.

चाकाचा प्रवास १५० मिलिमीटर असेल, तर भरलेली गाडी पहिल्या मापापेक्षा ४५ ते ५० मिलिमीटर खाली बसायला हवी. ते प्रीलोडने जमवा. मग त्याच प्रीलोडवर रिकामी गाडी किती बसते ते बघा. १० ते २० मिलिमीटर आलं तर स्प्रिंग बरोबर आहे. रिकामी गाडी अजिबात बसतच नसेल तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही प्रीलोडने कमतरता झाकताय. ३० च्या वर बसत असेल तर स्प्रिंग जास्त कडक आहे. ही मोजणी जुन्या शॉकवरही करता येते. ते आकडे आम्हाला पाठवलेत तर स्प्रिंग निवडणं फार सोपं जातं.

कोणतं मॉडेल घ्यावं

वर्षातला बराच काळ एकटे आणि मधूनमधून दोघं फिरत असाल, तर हायड्रॉलिक प्रीलोडची मूठ असलेला शॉक घ्या. सीटखाली हात घालून स्पॅनरने कडी फिरवायचा लोकांना कंटाळा येतो आणि मग एकाच सेटिंगवर सगळा प्रवास होतो. आमच्या मते पैसे टाकायचेच असतील तर आधी या मुठीवर टाका. एकट्याच्या आणि भरलेल्या गाडीच्या वजनात फारच फरक असेल तर एक स्प्रिंग दोन्हींना नेमकी बसत नाही. तुमचं फिरणं कुठल्या प्रकारचं जास्त आहे ते सांगा, स्प्रिंग त्या बाजूला झुकती ठेवू.

तेल आणि गॅसची वेगळी टाकी असलेला शॉक लांबच्या खराब रस्त्यांसाठी कामाचा. डॅम्पर धक्क्यांची ऊर्जा उष्णतेत बदलतो. तासन्‌तास खडबडीत रस्त्यावर भरलेली गाडी चालली की तेल तापून पातळ होतं आणि गाडी डोलायला लागते. टाकीमुळे तेल जास्त मावतं, आणि नायट्रोजन तेलापासून वेगळा राहत असल्याने फेसही होत नाही. प्रवास चांगल्या डांबरी रस्त्यावरच असेल तर टाकी नसली तरी अडत नाही. गॅसचा व्हॉल्व्ह मात्र घरी उघडू नका.

मूळ शॉक नवा असेल आणि त्यावर रिबाउंडचा (दबलेला शॉक परत उलगडण्याचा वेग आवरणारा) स्क्रू असेल, तर कधीकधी नुसती स्प्रिंग बदलून भागतं. तसं असेल तर आम्ही स्प्रिंगच विकतो. शॉक दमलेला असेल तर मात्र कडक स्प्रिंगने त्रास वाढेल. ओळखायचं कसं? शेपटीवर जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीन वेळा खालीवर झाली तर रिबाउंड संपलाय.

दोन शॉकच्या गाडीला जोडीच लागते. एकच बदलून मिळणार नाही. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असेल तर आधी सांगा, नाहीतर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागून राहतो. मागचं नीट झाल्यावर बऱ्याच जणांना पुढचा फोर्क मऊ असल्याचं जाणवतं. फोर्कच्या स्प्रिंगही आम्ही त्याच वजनावरून देतो.

ऑर्डर देताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष, दोघांचं गिअरसकट वजन, प्रत्येक बॉक्सचं भरलेलं वजन आणि जुन्या शॉकवर घेतलेली तीन मापं कळवा. निघायची तारीखही लिहा. पहिल्या मोठ्या प्रवासाआधी शॉकच्या दांड्यावरची रबर रिंग शॉकच्या बॉडीला टेकेपर्यंत सरकवून ठेवा आणि परत आल्यावर ती कुठे पोहोचली त्याचा फोटो पाठवा. बारीक फेरबदल लागले तर आम्ही ते त्यावरून सांगू.