दुधाहून जुना पान्हा

चोपड्याजवळच्या आमच्या गावी आजी पहाटे म्हशीपुढं सरकीची ढेप ठेवायची, पारडूला दोन घोट पिऊ द्यायची आणि मग त्याला बाजूला बांधून धार काढायला बसायची. आधी सैल, सुरकुतलेले असणारे सड मिनिटभरात टरारून यायचे. ‘पान्हावली,’ आजी म्हणायची.

त्या मिनिटात पारडाच्या जिभेचा स्पर्श मज्जातंतूंमधून मेंदूत पोचलेला असतो. मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे हार्मोन रक्तात उतरतं. ते कासेत पोचलं, की दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात. म्हशीचं बहुतेक दूध या पिशव्यांतच असतं, म्हणून पान्ह्याशिवाय नुसते सड ओढून काही मिळत नाही. गोठ्यात अनोळखी माणूस शिरला की म्हैस ‘पान्हा चोरते’, तेव्हा घाबरलेल्या शरीरातलं अ‍ॅड्रिनलिन आड येत असतं. तिला काठी मारली तर दूध आणखीच अडतं.

मला थक्क करतं ते ऑक्सिटोसिनचं वय. सस्तन प्राणी साधारण २० कोटी वर्षांपूर्वीचे. या हार्मोनचं घराणं मात्र ५० कोटी वर्षांहून जुनं. म्हणजे कास नव्हती, दूध नव्हतं, तेव्हाही त्याचे पूर्वज कामावर होते.

ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची माळ. तिचा पहिला आणि सहावा मणी एकमेकांना जोडलेले, त्यामुळे मध्ये एक कडं तयार होतं. तापीतल्या माशाच्या मेंदूतही अशीच माळ असते, फक्त दोन मणी वेगळे. गांडुळाच्या एका जातीत सापडलेली तिची बहीण टोचली, तर गांडूळ अंडी घालतानाच्या हालचाली करू लागतं!

जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशात या घराण्याचं एकच हार्मोन आहे. पुढं जबडा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांत त्याच्या जनुकाची जादा प्रत तयार झाली. एका प्रतीच्या वंशातलं हार्मोन आज आपल्या शरीरातलं पाणी राखतं, दुसरीच्या वंशातलं ऑक्सिटोसिन. सस्तन प्राण्यांत कास आली, तेव्हा हे जुनंच हार्मोन ओळखणारे ग्राही तिथल्या पेशींवर आले.

१९९७ साली शास्त्रज्ञांनी फुगू माशाचं या घराण्यातलं जनुक उंदरात घालून पाहिलं. मासा आणि उंदीर यांच्या वाटा ४० कोटी वर्षांपूर्वीच फुटलेल्या. तरी उंदराच्या मेंदूत ते जनुक नेमकं त्याच पेशींत चालू झालं, ज्या स्वतःचं ऑक्सिटोसिन बनवतात.