वेअरेबल उपकरणे आणि शरीराच्या डेटाची मालकी

मनगटावर, बोटात, दंडावर किंवा छातीवर लावून शरीराची मोजमापे सतत घेत राहणाऱ्या साधनांना वेअरेबल उपकरणे म्हणतात. फिटनेस बँड, स्मार्टवॉच, अंगठी, धावपटूंचा छातीपट्टा आणि मधुमेहींच्या दंडावरचा ग्लुकोज सेन्सर ही त्यांची रोजच्या पाहण्यातली रूपे. या साधनांनी जमवलेल्या आकड्यांवर हक्क कोणाचा, हा वाद गेल्या पंधरा-एक वर्षांत कोर्टकचेऱ्यांपर्यंत आणि संसदेपर्यंत पोचला. बोलताना आपण त्याला ‘मालकी’ म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण जमिनीच्या कागदांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना त्यातली मेख लगेच कळेल. सातबाऱ्यावर नाव एकाचे, कसणारा दुसरा आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, हे चित्र गावोगाव आहे. शरीराच्या डेटालाही असा रकाना असतो. तो अॅप सुरू करताना ‘मान्य आहे’ या बटणाच्या मागे दडलेला असतो आणि न वाचताच बटण दाबले जाते.

काय मोजले जाते

अंधारात स्मार्टवॉच मनगटावरून किंचित उचलून पाहिले, तर खालच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढते आणि परतणारा प्रकाश तेवढ्यापुरता कमी होतो. शेजारचा संवेदक हे चढउतार टिपतो आणि त्यांच्यातल्या अंतरावरून नाडी काढली जाते. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांची तुलना करतात. ही युक्ती जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये काढली. कोविडच्या लाटेत घराघरांत बोटाला चिमटा लावून जो आकडा धास्तीने वाचला जात होता, तो याच युक्तीचा. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. त्वचेचा रंग प्रकाशाच्या हिशेबात शिरतो, हे सावळ्या मनगटांच्या देशात अधिक बोलले जायला हवे.

पावले मोजण्याचे काम हालचाल टिपणाऱ्या चिपचे. त्यांना जोडलेला दहा हजारांचा दंडक वैद्यकातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानात ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे यंत्र, या नावाने एक साधन विकायला आले आणि ते नावच पुढे नियम होऊन बसले.

झोपेचे प्रकरण आणखी वेगळे. प्रयोगशाळेत झोपेच्या अवस्था ठरवताना डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी पाहतात. मनगटावरचे घड्याळ हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधते. म्हणजे सकाळी अॅप ‘गाढ झोप 1 तास 12 मिनिटे’ असे सांगते, तेव्हा ते मोजलेले नसते, कंपनीच्या सूत्राने ठरवलेले असते. मालकीच्या वादात हा फरक कळीचा आहे. प्रकाशाचे चढउतार शरीरातून आले, पण ‘आज तुमची तयारी 74 टक्के’ हा आकडा कोणाचा? युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण नियमावलीत, म्हणजे 25 मे 2018 पासून लागू झालेल्या जीडीपीआरमध्ये, आपला डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. त्याच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनुसार मोजलेली नाडी त्यात येते, कंपनीने त्यावरून काढलेले निष्कर्ष येत नाहीत.

होल्टरपासून घड्याळापर्यंत

‘होल्टर लावलाय’ हे वाक्य हृदयरोगाच्या ओपीडीत रोज कानावर पडते. त्यामागचे नॉर्मन होल्टर हे अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातले संशोधक. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओने पाठवणारे यंत्र बनवले. ते पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन सुमारे 38 किलो होते. पुढे ते खिशाएवढे झाले. 1982 मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीने खेळाडूंसाठी बिनतारी नाडीमापक आणला, 2009 मध्ये फिटबिटचे पहिले उपकरण आले, 2015 मध्ये अॅपलचे घड्याळ आणि 2018 मध्ये त्यातच ईसीजी.

आकार लहान होत गेला, हे सगळ्यांना दिसते. वाट बदलली, तिकडे कमी लक्ष गेले. होल्टरची नोंद रुग्णाकडून डॉक्टरकडे जाई आणि फाइलमध्ये थांबे. बँडची नोंद आधी फोनमध्ये, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि मग रुग्णाला परत दाखवली जाते. डॉक्टर या वाटेवर असतातच असे नाही.

नाइटस्काउट

शरीराच्या डेटाची मालकी म्हणजे नेमके काय मागितले जाते, हे सर्वांत स्पष्ट दिसले ते टाइप वन मधुमेहाच्या घरांत. या आजारात स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बाहेरून द्यायचे आणि जरा जास्त झाले की साखर घसरते. झोपेत घसरली तर आकडी येते, शुद्ध हरपते, क्वचित जीवही जातो. म्हणून अशा मुलांचे आईबाप रात्री दोन-तीनचा गजर लावून उठतात आणि झोपलेल्या पोराचे बोट टोचून साखर बघतात.

सतत मोजणाऱ्या सेन्सरने, म्हणजे सीजीएमने, यात मोठा फरक केला. केसासारखी तार त्वचेखाली राहते. तिच्यावरचे ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर पेशींभोवतीच्या द्रवातल्या साखरेशी क्रिया करते आणि त्यातून निघणाऱ्या सूक्ष्म विजेवरून आकडा काढला जातो. डेक्सकॉम या अमेरिकी कंपनीच्या सेन्सरमध्ये तो दर पाच मिनिटांनी येतो, म्हणजे दिवसाला 288 आकडे. रक्तापेक्षा तो काही मिनिटे मागे असतो, पण साखर चढतेय की उतरतेय हे बाणाने कळते आणि खरा उपयोग त्या बाणाचाच.

अडचण अशी होती की हा आकडा एका छोट्या रिसीव्हरवर दिसे आणि रिसीव्हर मुलाच्या जवळपासच ठेवावा लागे. मूल शाळेत गेले की आकडाही शाळेत. न्यूयॉर्क राज्यातले सॉफ्टवेअर अभियंता जॉन कॉस्टिक यांच्या चार वर्षांच्या मुलाला ऑगस्ट 2012 मध्ये मधुमेहाचे निदान झाले. पुढच्या वर्षी त्यांनी रिसीव्हर केबलवरून काय बोलतो ते उलगडले, त्याला एक अँड्रॉइड फोन जोडला आणि आकडे इंटरनेटवर चढवले. आता ऑफिसात बसून मुलाची साखर दिसू लागली. त्यांनी हे ट्विटरवर सांगितले आणि इतर आईबाप विचारू लागले. त्यांतल्या काहींना प्रोग्रॅमिंग येत होते. लेन डेसबरो यांच्यासारखे अभियंते आले आणि प्रकल्पाला नाइटस्काउट हे नाव मिळाले. नोव्हेंबर 2013 मध्ये स्टॅनफर्डला भरलेल्या एका बैठकीतून ‘आम्ही वाट बघत बसणार नाही’ ही घोषणा निघाली आणि तीच चळवळीची ओळख झाली. 2014 मध्ये कोड सर्वांसाठी खुला झाला. जोडणी कशी करायची हे फेसबुकच्या एका गटात पालक पालकांना शिकवू लागले.

डेक्सकॉमची स्वतःची दूरवर आकडा दाखवणारी सोय तेव्हा परवान्याच्या रांगेत होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 2015 मध्ये ती मंजूर केली आणि त्याच वेळी अशा नुसत्या दाखवणाऱ्या साधनांवरचे नियमही सैल केले. पालकांनी रेटले म्हणूनच हे घडले असे ठामपणे म्हणता येत नाही. पण हजारो घरांत ती सोय आधीच चालू होती, हे प्रशासनाला माहीत होते.

सिअॅटलच्या डेना लुइस यांची तक्रार त्याहून साधी होती. त्या एकट्या राहत, झोप गाढ आणि सेन्सरचा गजर इतका हळू की जाग येत नसे. आवाज वाढवण्याचे बटण कंपनीने दिले नव्हते. कॉस्टिक यांचा कोड मिळाल्यावर त्यांनी आणि स्कॉट लीब्रँड यांनी आधी मोठा गजर केला, मग पुढच्या काही मिनिटांत साखर कुठे जाईल याचा अंदाज बांधणारे सूत्र आणि डिसेंबर 2014 मध्ये तो अंदाज थेट इन्सुलिन पंपाला, म्हणजे शरीरात इन्सुलिन सोडत राहणाऱ्या यंत्राला, जोडला. 2015 मध्ये त्यांनी हे ओपनएपीएस या नावाने सर्वांना खुले केले. बाहेरून आज्ञा घेतील असे पंप मात्र जुनेच होते. बेन वेस्ट यांनी कित्येक वर्षे खपून मेडट्रॉनिकच्या जुन्या पंपांची रेडिओभाषा उलगडली होती. 2019 मध्ये त्यातले बरेच पंप सुरक्षेच्या त्रुटीमुळे परत मागवण्यात आले. परक्या माणसाला पंपात शिरू देणारी ती फट आणि स्वतः रुग्णाला शिरू देणारी फट एकच होती.

या लोकांनी मालकीचा दाखला मागितला नव्हता. ज्याचा आकडा त्याला तो त्या पाच मिनिटांत मिळावा आणि त्यावर काही करता यावे, एवढेच मागणे होते. कालचा आलेख महिन्याने पीडीएफमध्ये मिळाला तर हक्क पुरा झाला असे कागद म्हणेल. रात्री तीन वाजता उठणाऱ्या आईला त्या पीडीएफचा काही उपयोग नाही.

छातीतले यंत्र

ह्यूगो कॅम्पोस यांच्या छातीत 2007 मध्ये डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके बिघडले की विजेचा झटका देऊन ते सावरणारे यंत्र, बसवला गेला. यंत्र त्यांच्या हृदयाची नोंद करी, ती कंपनीकडे आणि तिथून दवाखान्यात जाई. ज्याच्या छातीत ते होते त्याला मात्र कच्ची नोंद मिळत नसे. यंत्राने झटका दिला तर का दिला, हे कळायला अपॉइंटमेंट घ्यायची. यंत्रातल्या सॉफ्टवेअरचे कुलूप उघडायला कॉपीराइट कायद्याची आडकाठी होती. म्हणून कॅम्पोस आणि बेन वेस्ट यांच्यासह काहींनी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडे अर्ज केला आणि ऑक्टोबर 2015 मध्ये रुग्णाला स्वतःच्या शरीरातल्या यंत्राचे संदेश वाचण्यापुरती सूट मिळाली. स्वतःच्या हृदयाचे ठोके वाचायला कॉपीराइट कायद्यातून सवलत मागावी लागली, हे एकदा थांबून वाचण्यासारखे आहे.

कायद्यात ‘मालकी’

शरीरातून निघालेल्या गोष्टीवर मालकी सांगण्याच्या प्रयत्नाला मोठा अडसर 1990 चा आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या प्लीहेच्या पेशींपासून विद्यापीठाने पेटंट मिळवले, तेव्हा रुग्णाने वाटा मागितला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पेशींवर त्याची मालकी मानली नाही, मात्र डॉक्टरांनी आपला हेतू सांगायला हवा होता असे म्हटले. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेसाठीचा अमेरिकेचा 1996 चा हिपा कायदा दवाखाने आणि विमा कंपन्या यांना बांधतो, दुकानातून घेतलेल्या बँडच्या कंपनीला सहसा नाही.

भारतात वाट रुग्णाच्या कागदांपासून सुरू होते. केसपेपर रुग्णाला किंवा नातलगांना द्यायलाच हवेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले. 2002 च्या वैद्यक परिषदेच्या नियमांत मागितल्यापासून 72 तासांत नोंदी देण्याचे बंधन आले. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 2018 मध्ये ‘मालकी’ हा शब्द सरकारी कागदांत दोनदा उमटला. आरोग्य मंत्रालयाच्या ‘दिशा’ या मसुद्याने डिजिटल आरोग्यनोंदींची मालकी ज्याची नोंद त्याला दिली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्याच वर्षी जुलैत, वापरणारा मालक आणि कंपन्या केवळ राखणदार, अशी शिफारस केली. ‘दिशा’ कायदा झालाच नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मालकी नाही. माहितीचा सारांश मागणे, दुरुस्ती, पुसून टाकणे, तक्रार आणि आपल्या पश्चात हक्क चालवायला कोणाला तरी नेमणे हे हक्क आहेत, आणि कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आधीच्या मसुद्यांतला डेटा दुसरीकडे नेण्याचा हक्क गळाला. आरोग्याच्या माहितीचा वेगळा, अधिक जपण्याचा वर्गही गळाला. नाडीचा आकडा आणि किराणा दुकानात दिलेला मोबाइल नंबर कायद्यापुढे एकाच पंगतीत आहेत.

दुसऱ्यांच्या हातात

कंपनी विकली गेली की डेटाही नव्या घरी जातो. गुगलने फिटबिट सुमारे 210 कोटी डॉलरना घेतली, तेव्हा युरोपीय आयोगाने तिथल्या ग्राहकांचा आरोग्यडेटा दहा वर्षे जाहिरातींसाठी न वापरण्याची अट घातली. अट युरोपातल्या ग्राहकांपुरती. स्ट्राव्हा या धावण्याच्या अॅपने 2017 मध्ये जगभरच्या व्यायामाचा उजळ नकाशा प्रसिद्ध केला. एकाही धावपटूचे नाव त्यात नव्हते, तरी 2018 च्या जानेवारीत एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले की ओसाड वाळवंटात चमकणारी वेटोळी लष्करी तळांची आहेत. कनेक्टिकटमध्ये 2015 साली झालेल्या एका खुनात पतीने पत्नीच्या मृत्यूची जी वेळ सांगितली तिच्यानंतरही तिचा बँड पावले मोजत होता. 2022 मध्ये त्याला दोषी ठरवताना तो पुरावा महत्त्वाचा होता.

आपल्याकडे मनगटावरच्या यंत्राचा सर्वांत उघड वापर महापालिकांनी केला. नागपूर, चंडीगड, पंचकुला इथे सफाई कामगारांना जीपीएस घड्याळे बांधण्यात आली. ही घड्याळे नाडी मोजण्यासाठी नव्हती. शरीर या घटकेला कुठे उभे आहे ते सांगण्यासाठी होती आणि हजेरी, म्हणजे पगार, त्यावर ठरणार होता. नकाशा ऑफिसातल्या पडद्यावर दिसे. घड्याळ घरी नेऊन रात्री चार्जिंगला लावायचे काम मात्र कामगाराचे.