फ्लोरा (रोमन देवता)

फ्लोरा : फुलांची व वसंताची प्राचीन रोमन देवता. चित्रांमधून ती बागेत फुले उधळणारी तरुणी म्हणून दिसते. तिचे मूळ काम मात्र शेतातले. धान्य, द्राक्षवेल, ऑलिव्ह फुलोऱ्यात आले, की रोमन शेतकरी तिला आळवीत. मोहोर टिकला तरच फळ धरणार, असा हा रोकडा हिशेब. लॅटिनमध्ये ‘फ्लोस’ म्हणजे फूल. त्यावरून तिचे नाव.

ती ग्रीकांकडून उसनी घेतलेली नाही. रोममधील तिची पूजा सॅबाइन या शेजारच्या जमातीचा राजा टायटस टेशियस याने सुरू केली, असे रोमन विद्वान व्हॅरो सांगतो. मध्य इटलीत आन्योने येथे मिळालेल्या ऑस्कन या प्राचीन भाषेतील काशाच्या पत्र्यावरही तिचे नाव आहे. ग्रीक नाते जोडले ते कवी ओव्हिडने : क्लोरिस नावाच्या अप्सरेला पश्चिमवारा झेफिरसने पळवले, मग तिच्याशी लग्न केले आणि तिला फुलांचे राज्य दिले. क्लोरिसचीच पुढे फ्लोरा झाली, ही त्याची व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली आहे.

रोममधील सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानाजवळ तिचे मंदिर होते. तिच्या सन्मानार्थ होणाऱ्या खेळांचा पहिला खर्च सरकारी कुरणात चोरून गुरे चारणाऱ्यांच्या दंडातून निघाला, असे ओव्हिड सांगतो. पुढे हे खेळ खंडित झाले. वारा, गारा आणि अवकाळी पावसाने पिके झोडपल्यावर इ. स. पू. १७३ पासून ‘फ्लोरालिया’ हा तिचा उत्सव दरवर्षी होऊ लागला. साम्राज्यकाळात तो २८ एप्रिल ते ३ मे असे. लोक रंगीबेरंगी कपडे घालत, मैदानात ससे व शेळ्या सोडत, गर्दीवर हरभरे उधळत. नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांच्या आग्रहावरून नटी वस्त्रे उतरवीत. इ. स. पू. ५५ मध्ये कडक नीतिमत्तेचा राजकारणी धाकटा केटो समोर बसलेला पाहून लोकांना तसे सुचवायची लाज वाटली. हे कळताच तो उठून गेला. पुढे ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियसने फ्लोरा ही मुळात गणिकाच होती असे लिहिले. त्यात इतिहासापेक्षा रोषच अधिक.

इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’ चित्रात क्लोरिस व फ्लोरा शेजारीशेजारी उभ्या आहेत. मुंबईत १८६४ मध्ये उभारलेल्या कारंज्याच्या शिखरावर तिचाच पुतळा आहे, म्हणून ते फ्लोरा फाउंटन. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. पुढे तेथे हुतात्मा स्मारक उभे राहिले आणि चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. बोलताना मुंबईकर अजूनही ‘फाउंटन’च म्हणतात.