बृहदांत्रातील अपस्फीत नीला

मोठ्या आतड्याच्या अस्तराखालील नीला फुगून वेड्यावाकड्या होण्याची विकृती. अन्ननलिकेतील अशाच विकृतीच्या मानाने ती विरळा. शवविच्छेदनांच्या एका जुन्या पाहणीत प्रमाण सु. ०·०७ टक्के आढळले.

संज्ञा : मराठी वैद्यकात ‘नीला’ आणि ‘रोहिणी’ (धमनी) हे शब्द रूढ आहेत. ते सुश्रुतसंहितेतून आलेले दिसतात. मात्र तिथे अरुणा, नीला, गौरी व रोहिणी हे सिरांचे चार प्रकार असून नीला ही पित्त हा दोष वाहणारी सिरा आहे. अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणारी ती नीला, हा अर्थ अर्वाचीन. गुजराती व हिंदीत ‘शिरा’ व ‘धमनी’ ही जोडी चालते, म्हणून वडोदऱ्यात गुजराती माध्यमातून शिकलेल्या मराठी माणसाला ‘नीला’ अडखळवते. पण बोलीतल्या ‘शीर’मध्ये मज्जातंतूही येतो, तेव्हा येथे ‘नीला’च ठेवली आहे. खरा घोटाळा दुसऱ्याच शब्दाने होतो. घरात ‘मूळव्याध’ आणि वडोदऱ्याच्या बाजारातल्या पाटीवर ‘हरस-मसा’ (‘हरस’ हा ‘अर्श’चाच अपभ्रंश) म्हणजे शौचावाटे रक्त पडण्याचे सरसकट नाव होऊन बसते.

कारणे : आतड्यातील रक्त प्रवेशिका नीलेतून यकृतात जाते. प्रवेशिका व यकृत-नीला (यकृतातून रक्त बाहेर नेणारी) यांच्या दाबातील फरक पाऱ्याच्या ५ मिमी.पर्यंत प्राकृत, १० मिमी. गाठल्यावर अपस्फीती संभवते, १२ मिमी.पासून रक्तस्रावाचा धोका. यकृत सूत्रण रोग (सिऱ्हॉसिस) हे प्रमुख कारण असले, तरी भारतात प्रवेशिका नीलाच गुठळीने बंद होणे (मुलांत व तरुणांत) आणि सूत्रणाविना होणारे प्रवेशिका-तंतुत्व (प्रवेशिकेच्या फांद्यांभोवती तंतूंची वाढ) यांचा वाटा मोठा आहे. गुदाशयात वरच्या नीला प्रवेशिकेकडे व खालच्या श्रोणीतून (कटिभागातून) अधोमहानीलेकडे (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या नीलेकडे) जातात. वाट अडली की रक्त या जोडांतून आडमार्गाने वाहते. पोटाच्या जुन्या शस्त्रक्रियेतील चिकटणी व कृत्रिम गुदद्वाराचा काठ येथेही असे मार्ग फुटतात. आंत्रबंधातील (आतडे पोटाच्या मागील भिंतीशी जोडणाऱ्या पडद्यातील) नीलेत गुठळी, स्वादुपिंडशोथ आणि हृदयाची अकार्यक्षमता ही अन्य कारणे. काही कुटुंबांत कारणाविनाच संपूर्ण बृहदांत्र व्यापलेले आढळते.

मूळव्याधीशी संबंध : प्रवेशिकेतील दाबाने मूळव्याध होते, असे पूर्वी सर्रास लिहीत. शल्यचिकित्सक टॉमसन यांनी १९७५ मध्ये मूळव्याध म्हणजे गुदमार्गातील स्वाभाविक गाद्यांचे घसरणे, असे मांडले. सूत्रणाच्या रुग्णांत मूळव्याध इतरांहून ठळकपणे जास्त आढळत नाही, हे पाहता हे मत अधिक पटणारे आहे. अपस्फीत नीला मात्र गुदमार्ग ओलांडून गुदाशयात वर चढतात. तेव्हा त्यांना मूळव्याध समजून कापल्यास प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो.

निदान : वेदनारहित, ताजा लाल वा गडद तांबडा रक्तस्राव. दुर्बिणीने तपासताना भरलेल्या हवेने नीला दबतात व नजरेतून सुटतात. सीटी अँजिओग्राफीने (रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणाने) खात्री होते. गुदाशयातील प्रमाणाचे आकडे पद्धतीगणिक फार बदलतात. अंतर्दर्शी (दुर्बिणीच्या टोकावरून सोडलेल्या) ध्वनिलहरींनी ते जास्त दिसते.

उपचार : मोठ्या तुलनात्मक चाचण्या नसल्याने सर्वमान्य क्रम नाही. प्रथम रक्त व द्रव देणे (हीमोग्लोबिन ७-८ ग्रॅमवर राखावे, अतिरेकाने दाब पुन्हा वाढतो), टर्लिप्रेसिन वा ऑक्ट्रिओटाइड (प्रवेशिकेतील दाब उतरवणारी औषधे) व प्रतिजैविक. गुदाशयात बँड बांधणे वा सायनोअक्रिलेट गोंद टोचणे शक्य असते. जाड नीलांवर गोंद बरा. न थांबल्यास टिप्स (प्रवेशिका व यकृत-नीला जोडणारी, यकृतातून बसवलेली जाळीनळी) किंवा वाहिन्या बंद करणे. मेंदूवर परिणाम झालेल्या यकृतरोग्यात टिप्स जपून. प्रोप्रानोलोल, कार्व्हेडिलॉल या दाब उतरवणाऱ्या गोळ्यांचा वापर अन्ननलिकेच्या अनुभवावरून होतो. रोग एकाच भागापुरता असेल, तर तेवढे आतडे काढता येते.