धनुष्य केवढं हवं? आधी हात पसरा

"शेवटी शेवटी ते अडतं गं मावशी," असं म्हणत भाच्याने उजव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. टॅब, म्हणजे बोटं वाचवणारा चामड्याचा तुकडा, घालूनही तर्जनीवर आणि अनामिकेवर लाल वळ उठले होते. धनुष्य त्याच्या मामेबहिणीचं, 62 इंची, लाकडी रायझरचं (रायझर म्हणजे हातात धरायचा मधला कडक भाग). तिने त्यावर दोन वर्षं सराव केला, एकदाही तक्रार केली नाही. धनुष्यात काही बिघाड नव्हता. ती पाच फूट उंच आणि हा सहा फूट, एवढाच काय तो फरक.

आम्ही प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा आणला, दोरीला अडकवला आणि इंचाइंचाने ओढत आकडे लिहून काढले. सुरुवातीला दर इंचाला साधारण एक पौंड वाढत होता. शेवटच्या इंचाला मात्र जवळजवळ दोन. पोरगा खरं तेच सांगत होता. धनुर्धर याला 'स्टॅक होणं' म्हणतात.

हे का होतं ते घरच्या दारावर बघता येतं. दाराच्या कडीला दोरी बांधा आणि ओढा. दोरी दाराशी काटकोनात असते तेव्हा दार सगळ्यात हलकं उघडतं. बाजूला सरकून तिरकं ओढलंत की तेच दार जड लागतं, कारण तुमचं बरंचसं बळ नुसतं बिजागरीला ताणत राहतं. धनुष्यात दार म्हणजे लिंब, म्हणजे वर-खाली वाकणारं पातं. दोरी ओढत जाऊ तसा पात्याच्या टोकाशी दोरीचा कोन वाढत जातो. तो काटकोनाच्या पलीकडे गेला की पातं वाकवायला दोरीवर जास्त ताण द्यावा लागतो. धनुष्य आखूड आणि हात लांब असला, तर ही वेळ लवकर येते.

अशा रिकर्व्ह प्रकारच्या धनुष्याच्या टोकांना पुढे झुकलेला बाक असतो तो याचसाठी. सुरुवातीला दोरी त्या बाकावर टेकलेली असते, म्हणजे पातं जणू थोडं आखूड असतं. ओढता ओढता दोरी बाकावरून सुटते आणि पात्याची तरफ लांब होते. नेमकं जड व्हायला लागणार तिथे बाक हात देतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. पण तिलाही मर्यादा आहे, आणि 62 इंची धनुष्यावर भाचा ती ओलांडत होता.

दुसरा कोन बोटांपाशी होतो. धनुष्य आखूड म्हणजे दोरी आखूड, आणि तेवढंच ओढलं तरी बोटांभोवती दोरी जास्त टोकदार मुडपते. वरचं आणि खालचं बोट मधल्या बोटाकडे दाबलं जातं, बाणाचा नॉक, म्हणजे दोरीत अडकणारं मागचं टोक, चिमटीत सापडतो, आणि कधी कधी बाण रेस्टवरून, म्हणजे त्याच्या टेकूवरून, चक्क उचलला जातो. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्हचं लक्ष्य 70 मीटरवर असतं, व्यास 122 सेंटिमीटर. त्रिकोणमिती करून पाहा: तिथे बाणाची दिशा एका अंशाने चुकली, तर बाण सुमारे 122 सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे लक्ष्याच्या पूर्ण रुंदीएवढा. दहा गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं, चहाच्या बशीएवढं. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावातून टोकियो ऑलिंपिकला गेलेल्या प्रवीण जाधवसारखे खेळाडू या बशीवर नेम धरतात. बोटांना चिमटा बसत असताना एवढी अचूक सुटका साधणं अवघडच.

म्हणून धनुष्याची लांबी उंचीवरून ठरवू नये, ड्रॉ लेंथवरून, म्हणजे तुम्ही दोरी किती लांब ओढता त्यावरून, ठरवावी. अंदाजासाठी भिंतीला पाठ लावून दोन्ही हात सहज पसरा, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचने भागा. भाच्याचा पसारा 72 इंच भरला. भागिले अडीच, म्हणजे जवळपास 29. हा नुसता अंदाज. खरी ड्रॉ लेंथ हलकं धनुष्य पूर्ण ओढून, हनुवटीखाली हात टेकवून मोजतात: नॉकच्या खाचेपासून ग्रिपच्या सगळ्यात खोल भागापर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच. बाणाची लांबी हा वेगळा आकडा आहे, तो सांगून धनुष्य घेऊ नका. आणि मोजताना काही झालं तरी बाणाशिवाय दोरी सोडू नका. बाणाकडे जायची सगळी ऊर्जा पात्यांतच फिरते आणि पातं तुटू शकतं.

आता लांबी. ड्रॉ 25 इंचांपर्यंत असेल तर 64 इंची धनुष्य पुरतं, 26 च्या आसपास 66. 27 ते 29 ला 68 घ्यावं, त्यापुढे 70, आणि 31 च्या वर गेलेल्या लांब हातांना 72. दोन मापांच्या मधे अडकलात तर मी मोठं माप घ्यायला सांगेन, कारण थोडं लांब धनुष्य नवशिक्याच्या चुका पोटात घालतं.

मग सगळ्यांनी 72 इंचीच का घेऊ नये? ड्रॉ लहान असेल तर एवढी लांब पाती पुरती वाकतच नाहीत, ऊर्जा कमी साठते. शिवाय पाती जड असतात. दोरी सुटल्यावर बाणाबरोबर त्यांनाही पुढे पळायचं असतं, आणि त्यात खर्च झालेली ऊर्जा बाणाला मिळत नाही. बाण हळू जातो.

घोड्यावरचे तिरंदाज आखूड धनुष्य कानापर्यंत कसं ओढत, असा प्रश्न मला पुष्कळजण विचारतात. त्यांच्या धनुष्यांची टोकं कडक असत, न वाकणारी. ती शेवटपर्यंत तरफेचं काम करत. आणि ते दोरी अंगठ्याने ओढत. मुघलकालीन जेडच्या अंगठ्या संग्रहालयांत आहेत, त्या याच कामाच्या. एकाच ठिकाणी ताण असला की तीन बोटांना चिमटा बसायचा प्रश्नच येत नाही.

खरेदी करताना लांबी दोन भागांतून जुळवायची असते. 25 इंची रायझरला शॉर्ट लिंब्स लावले तर 66, मीडियम लावले तर 68, लाँग लावले तर 70. रायझर 23 इंची असेल तर प्रत्येक आकडा दोनाने कमी होतो, 27 इंची असेल तर दोनाने वाढतो. लिंब्सवर छापलेले पौंड सहसा 25 इंची रायझर आणि 28 इंच ड्रॉ धरून असतात. 36 ते 40 पौंडांच्या धनुष्यात एक इंच जास्त ओढलं की साधारण दोन पौंड वाढतात. ऊर्जेत तर हा फरक आणखी ठळक दिसतो: 28 इंचांवर 40 पौंड भरणाऱ्या धनुष्यात ढोबळमानाने 40 जूल साठतात, आणि एका जास्तीच्या इंचाने त्यात सुमारे साडेचार जूलची भर पडते. म्हणून 29 इंच ड्रॉच्या मुलाला 24 पौंड झेपत असतील, तर दुकानात त्याहून थोडे कमी पौंड छापलेले लिंब्स मागावेत.

आम्ही 25 चा रायझर आणि मीडियम लिंब्स घेतले. परवा पुन्हा काटा लावला. 27, 28, 29, प्रत्येक इंचाला जवळजवळ सारखीच वाढ. मामेबहिणीचं 62 इंची तिच्याकडे परत गेलं. भाचा अजून वाढतोय, त्यामुळे रायझर तोच ठेवून दर तीन महिन्यांनी मोजपट्टी काढायची, आणि ड्रॉ 29 च्या पुढे गेला की लाँग लिंब्स लावायचे, असं ठरलंय.