बांधावरची चाल

मागच्या जानेवारीत आमच्या साताऱ्यातल्या गल्लीतली बारा-तेरा माणसं गुलमर्गला गेलो होतो. त्यात सगळ्यात धडधाकट गडी म्हणजे यवतेश्वरचा घाट न थांबता पळत चढणारा आमचा शेजारी. हॉटेलच्या पायऱ्या उतरला, चार पावलं टाकली आणि दोन्ही पाय आभाळाकडे! त्याच्या मागून काकू निघाल्या. वय सत्तरीच्या घरात, माहेर जावळी खोऱ्यातलं. त्या गाडीपर्यंत गेल्या, आत बसल्या आणि "आता कोण ऱ्हायलंय?" म्हणून विचारायला लागल्या.

मग मी काकूंच्या पायांकडे नीट बघायला लागलो. पाऊल वीतभर, तळवा सपाट, गुडघे किंचित वाकलेले, पदर खोचलेला, हात मोकळे. आषाढात भाताच्या खाचरांमधल्या बांधावरून चालणारी बाई अशीच चालते. संध्याकाळी शेकोटीजवळ त्यांनी शेजाऱ्याला एवढंच सांगितलं, "पाय टाकतुयास कशाला? ठेव की."

टाकणं आणि ठेवणं यात फरक काय, ते आकड्यांत बघू. लांब ढांग टाकताना पुढचा पाय तिरपा जातो आणि आधी टाच टेकते. वजनाचा काही भाग मग खाली न जाता पुढे ढकलतो. सपाट जमिनीवर नेहमीच्या चालीत हा आडवा जोर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका असतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे १२ किलो. तो पेलायचं काम घर्षणाचं. कोरड्या काँक्रीटवर रबरी तळ याच्या तिप्पट जोर सहज पेलतो, म्हणून आपल्याला कधी विचारच करावा लागत नाही. ओल्या बर्फावर मात्र तीन ते सहा किलोपुढे घर्षणाचा हात सुटतो. पाऊल लहान घेतलं, की पाय उभ्याच्या जवळ राहतो आणि आडवा जोरच कमी मागितला जातो. काकू घर्षण वाढवत नव्हत्या, त्याची गरज कमी करत होत्या. पेंग्विनही असाच चालतो आणि थंड देशांत लोकांना पेंग्विनसारखं चाला असंच सांगतात. आपल्याकडे पेंग्विन नाहीत, बांध आहेत.

पण बर्फ इतका निसरडा का? काचही गुळगुळीत असते, तरी कोरड्या काचेवर बूट असा पळत नाही. शाळेत बहुतेकांनी ऐकलेलं उत्तर म्हणजे दाबामुळे बर्फ वितळतो. १८४९ मध्ये जेम्स थॉमसन यांनी दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो असं मांडलं आणि लगेच त्यांचे बंधू विल्यम, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी प्रयोगाने ते पडताळलं. ते खरंच आहे. फक्त हिशेब जमत नाही. वितळणबिंदू एक अंशाने खाली आणायला हवेच्या दाबाच्या सुमारे १३५ पट दाब लागतो. ६० किलोचा माणूस दीडशे चौरस सेंटिमीटरच्या तळव्यावर उभा राहिला तर चौरस सेंटिमीटरला ४०० ग्रॅम. तेवढ्याने वितळणबिंदू अंशाच्या तीनशेव्या हिश्शानेही हलत नाही. तरी हे उत्तर अजून परीक्षेत पूर्ण गुण मिळवतं.

१९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखवरच्या बर्फाच्या गुहेत प्रयोग करून दुसरं कारण पुढे आणलं: घासण्यातून उष्णता, उष्णतेतून पाणी. घसरगाडीला ते लागू पडतं. पण नुसता उभा असलेला माणूसही घसरतो, त्याचं काय?

त्याची किल्ली मायकेल फॅरडे यांच्याकडे आधीच होती. १८५० मध्ये त्यांनी दाखवलं, की बर्फाचे दोन खडे एकमेकांना टेकवले की चिकटतात. त्यांचा तर्क असा, की बर्फाच्या अंगावर मुळातच पाण्याची बारीक साय असते, आणि दोन खड्यांमध्ये सापडली की ती गोठते. फ्रिजमधले दोन खडे ताटलीत काढून कुणीही हे बघावं. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी घट्ट धरून असतात, पृष्ठभागावरच्या रेणूला वरून कुणीच धरत नाही. म्हणून तो शून्याखालीही सैल, जवळपास द्रवासारखा वागतो. हा थर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपासचा, पण शून्याजवळ जाताना जाड होत जातो.

म्हणूनच फार थंड बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त दगा देतो. अपशिंगे मिलिटरी या गावातले एक निवृत्त सुभेदार हीच गोष्ट कानाने सांगतात: पायाखाली करकर वाजणाऱ्या बर्फाला भिऊ नये, गप्प बर्फाला भ्यावं. भुसभुशीत बर्फ उणे दहाच्या खाली गेला की त्याचे कण कोरडे होऊन करकरतात आणि बूट धरून ठेवतात. आवाज बंद झाला की समजावं, पाणी आलं.

हे बघायला काश्मीरलाच जायला हवं असं नाही. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे हिमकण दिसल्याच्या बातम्या येतात. बातमीत पारा पाच-सहा अंश, मग हिमकण कुठून आले, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. तो पारा माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरच्या, आडोशातल्या हवेचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताची पाती, गाड्यांचे टप, जेटीच्या फळ्या आपली उष्णता आभाळात सोडत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. शिवाय थंड हवा जड, ती उतारांवरून ओघळून तळ्याच्या खोलगट भागात साचते. दहिवर तिथे गोठतं. स्ट्रॉबेरीवाले रात्री रोपं झाकतात ती याच भीतीने. पर्यटक मात्र नेमके उन्हं कोवळी असताना, फळीवरचं हिव अर्धवट वितळत असताना फोटोला उभे राहतात. सगळ्यात निसरडी वेळ तीच. (खालच्या गावांत हिवाळ्यातलं निसरडं वेगळं: ट्रॉलीतून पडून चिरडलेला ऊस आणि त्यावर पहाटेचं दहिवर. दुचाकीवाल्यांना विचारा.)

खऱ्या बर्फाच्या मुलखात आणखी एक चकवा असतो. डांबरावर पाण्याचा पातळ, पारदर्शक थर गोठतो, खालचं काळं डांबर तसंच दिसतं, रस्ता फक्त ओला वाटतो. पुलावर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही थंडी लागते. मीठ टाकलं तर गोठणबिंदू खाली येतो, पण उणे दहाच्या सुमाराला साध्या मिठाचा जोर ओसरतो. मग वाळू किंवा राख बरी. ती बर्फ वितळवत नाही, नुसता खरखरीतपणा देते.

चपला-बुटांबद्दल थोडक्यात: कातडी तळ नको, म्हणजे कोल्हापुरी घरीच ठेवा. स्वस्त प्लास्टिकचा तळ थंडीत दगड होतो. मऊ रबर आणि खोल खाचा हव्यात. हात खिशात घालू नयेत, तोल सावरायला ते लागतात. आणि पडायलाच लागलो तर ताठ हात टेकवायचा मोह आवरायचा, कारण सगळं वजन मनगटावर येतं. गुडघे दुमडून कुशीवर जावं, हनुवटी छातीला लावावी म्हणजे डोकं वाचतं. सांगायला सोपं आहे. शेजाऱ्याने यातलं काहीच केलं नाही आणि त्याचं माकडहाड सहा आठवडे बोलत होतं.

त्याला त्या रात्री मी न्यूझीलंडच्या डुनेडिनमधल्या संशोधकांची गोष्ट सांगितली. त्यांनी लोकांना बर्फाळ उतारावर बुटांवरून मोजे घालून चालायला लावलं आणि मोजेवाल्यांना घसरण खरंच कमी जाणवली. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं इग नोबेल पारितोषिक २०१० मध्ये या कामाला मिळालं.

सकाळी शेजारी बुटांवर लोकरीचे मोजे चढवून, पावलं ठेवत ठेवत गाडीकडे आला. काकूंनी काच खाली केली. "बुटालाबी थंडी वाजती व्हय रं?"