धुराचं नाव मिळालेला आजार : मोयामोया

'मोयामोया' हा जपानी शब्द. झुरका मारून सोडलेला धूर हवेत जसा अस्पष्ट रेंगाळतो, तसं काहीतरी. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले जिरो सुझुकी आणि अकिरा ताकाकू यांनी १९६९ साली एका दुर्मीळ आजाराला हे नाव दिलं. मेंदूच्या अँजिओग्राममध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रात, त्यांना तळाशी तसाच धूर दिसत होता.

आजार त्याआधीच नोंदला गेला होता. लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूची अँजिओग्राफी सुरू केली नसती, तर तो जिवंत माणसात दिसलाच नसता. जपानमध्ये ताकेउची आणि शिमिझू यांनी १९५७ साली पहिलं वर्णन केलं, पण मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कॅरॉटिड धमन्यांची वाढ जन्मतःच खुंटलेली असावी, असं त्यांना वाटलं. सुझुकींचं खरं काम मला नावापेक्षा मोठं वाटतं. त्यांनी आजाराच्या सहा पायऱ्या मांडल्या: धमनी अरुंद होते, धूर उमटतो, दाट होतो आणि शेवटी विरतोही. म्हणजे हे जन्मजात व्यंग नव्हे, पुढे सरकणारा आजार आहे.

आणि तो धूर म्हणजे आजार नव्हेच. पाट अडला की पाणी बांधावरून वाट काढतं, तसं धमनी अरुंद झाली की रक्त बारीक वाहिन्यांतून मेंदूपर्यंत पोचत असतं; धुरासारख्या दिसतात त्या याच वाहिन्या. पण एवढा भार पेलायला त्या नाजूक असतात. मोठ्यांमध्ये त्या फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मुलांमध्ये रक्त कमी पडण्याचा त्रास जास्त. हमसून रडल्यावर किंवा गरम घास फुंकताना हातातली ताकद जाते, कारण जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि धमन्या आणखी आकसतात.

झुरिकमध्ये गाझी यासरगिल यांनी १९६७ मध्ये डोक्याच्या त्वचेतली धमनी मेंदूच्या धमनीला जोडून दाखवली. पुढे हाच बायपास मोयामोयासाठी वापरात आला. २०११ मध्ये आरएनएफ२१३ या जनुकाशी संबंध सापडला, मात्र त्यातला बदल असलेले बहुतेक लोक निरोगीच राहतात.

एकदा रक्तस्राव झालेल्यांना बायपासचा उपयोग होतो का, हा वाद बरीच वर्षं चालला. ८० रुग्णांवरच्या जपानी चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ११.९ टक्के रुग्णांना पुन्हा रक्तस्राव झाला, न झालेल्यांपैकी ३१.६ टक्क्यांना.